आखूड शेंडीचा साबण

स्मशानात खिशातून बाटली काढून ती खळखळून हलवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शाळेचे रसायनाचे मास्तर. एका सहकाऱ्याचे वडील वारले होते म्हणून आम्ही सगळे सोनापूरला गेलो होतो. अग्नी दिल्यावर मंडळी माना खाली घालून बसली, आणि हे गृहस्थ उठून तिथल्या विहिरीवर गेले. बाटलीत पाणी भरलं, पुडीतून कसलासा पांढरा चुरा त्यात टाकला आणि बाटली हलवून तिच्याकडे बघत उभे राहिले. लोकांना वाटलं, दारू. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की बाटली जणू मीच पुरवली होती. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, मास्तर, हे काय मांडलंय. तर म्हणाले, "इथलं पाणी आपल्या चाळीतल्या विहिरीपेक्षा खारट आहे. तरी बघा, फेस धरलाय." मला त्यातलं काही कळलं नाही. खरं सांगायचं तर ते सगळं प्रकरण मला आजही पुरतं कळलेलं नाही, आणि तरी ते सांगायला मी बसलो आहे.

गिरगावातल्या चाळीत त्यांचं आणि माझं बिऱ्हाड समोरासमोर होतं. ते रसायन शिकवायचे, मी व्याकरण. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. मास्तर उंच, कोटाला नेहमी कसलेतरी डाग, आणि खिशांत बाटल्या. चालताना ते किणकिणायचे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात तसं हे आहे, निदान येतात ते कळतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कसलाही वाद निघाला, हेडमास्तरांचा हुकूम असो की चाळीतलं नळावरचं भांडण, सगळ्यांचं ऐकून घेऊन ते म्हणायचे, "शेंडी कुठे आणि डोकं कुठे, ते आधी सांगा." हेडमास्तर एकदा या वाक्यावर इतके चिडले की त्यांनी मला खोलीत बोलावून त्याचा अर्थ विचारला. व्याकरण शिकवणाऱ्याला माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, साहेब, वाक्य शुद्ध आहे, एवढंच मी सांगू शकतो.

अर्थाचा संबंध साबणाशी होता. मास्तरांचं म्हणणं असं होतं, किंवा असं होतं असं मला वाटतं, की साबणाचा अगदी बारीकात बारीक कण घेतला तर तो आपल्यासारखाच असतो. त्याला एक डोकं असतं आणि एक लांब शेंडी असते. डोक्याला पाणी आवडतं. शेंडीला तेल आवडतं, पाणी बिलकूल नको असतं. आता असा कण पाण्यात पडला की त्याची पंचाईत होते. डोकं म्हणतं आत चल, शेंडी म्हणते बाहेर काढ. म्हणून थोडेसे असतील तर ते पाण्याच्या पृष्ठभागावर जमतात, डोकी खाली पाण्यात आणि शेंड्या वर हवेत. आणि वर जागा उरली नाही की मग आत घोळके करतात. सगळ्यांनी शेंड्या मधे घ्यायच्या, डोकी बाहेर करायची आणि गोल उभं राहायचं. कपड्यावरची चिकटी, तेल, मळ त्या शेंड्यांच्या घोळात सापडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. हे तुम्ही पाहिलंय का, असं मी विचारलं. "कोणीच पाहिलेलं नाही," ते अतिशय आनंदाने म्हणाले. "आणि कोणत्या पुस्तकातही नाही. पण दुसरं काय असणार?"

मी त्यावर विचार करायचा प्रयत्न केला. रात्री जेवताना ताटात तूप बघून माझं लक्ष उडालं आणि घरी बोलणी बसली. सकाळी पुन्हा त्यांच्याकडे जाऊन विचारलं की शेंडी हवेत असताना ती कोरडी राहते की नाही. त्यांनी तासभर उत्तर दिलं. त्या उत्तराने माझा प्रश्नसुद्धा मला कळेनासा झाला.

शेजारच्या चाळीतल्या सत्यनारायणाला तर त्यांनी कहर केला. घंगाळातल्या पाण्यावर त्यांनी कापराचा खडा सोडला. कापूर पाण्यावर भिंगरीसारखा पळायला लागला. मुलं, बायका, सगळे पूजा सोडून तिकडे. मग मास्तरांनी साबणाचं बोट पाण्याला लावलं आणि कापूर जागच्या जागी थांबला. "का थांबला?" त्यांनी यजमानांना विचारलं. यजमान म्हणाले, तुम्ही नको तिथे बोट घातलंत म्हणून. पुढच्या वर्षी मास्तरांना बोलावणं आलं नाही, आणि शेजारी म्हणून मलाही नाही.

इथवर हे नुसतं वेड होतं. त्याला कारण मिळालं ते आक्काच्या हातांमुळे.

आक्का लहानपणीच विधवा झालेली. केस काढलेल्या डोईवर लाल आलवण, आणि कडक सोवळं. म्हणजे आंघोळ करून, ओलेत्याने वाळत घातलेलं वस्त्र नेसून स्वयंपाक करायचा आणि जेवणं होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही. नळाचं पाणी ती घेत नसे, कारण नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते असं तिने ऐकलं होतं. ते खरंही होतं. त्यामुळे सगळं विहिरीच्या पाण्यात, आणि आमची विहीर समुद्राच्या अंगची, मचूळ. बाजारच्या साबणात जनावराची चरबी, म्हणून साबण वर्ज्य. सोवळ्याची वस्त्रं ती राखेच्या पाण्याने आणि पापडखाराने धुवायची. त्या खाराने तिच्या हातांची पार चाळण झाली होती. भेगांवर ते पाणी लागलं की ती दातांवर दात धरायची, पण तक्रार करताना मी तिला कधी ऐकलं नाही.

वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी आक्का वाढत होती. पानावर शास्त्रीबुवा बसले होते. हे आमच्या भागातले वृद्ध, शांत गृहस्थ, त्यांचा शब्द सगळे मानायचे. भात वाढताना भातावर रक्ताचा एक ठिपका पडला. शास्त्रीबुवा रागावले नाहीत. त्यांनी पानावरून हात मागे घेतला, आणि म्हणाले की बाई, तुमच्या हातांना आता विसावा द्या. यंदा शिधा घेऊन जातो आणि पुढच्या वर्षीपासून कोरडा शिधाच देत चला. ते फार हळू बोलले. पण आक्का स्वयंपाकघरात गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. घरात दुसरा मान तिला कसला होता? बापाच्या श्राद्धाचं रांधणं हा तिचा एवढा एक अधिकार, तोही गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले नाहीत. लालबागला एका गिरणीत त्यांचा जुना विद्यार्थी होता, त्याच्याकडून कापड धुवायचा कॉस्टिक सोडा घेऊन आले आणि गॅलरीत शेगडीवर कढई चढवली.

चरबीचा अंशही नसलेला साबण करायचा, आणि तो विहिरीच्या मचूळ पाण्यात फेसाळला पाहिजे. वर्षाच्या आत. नाहीतर पुढच्या श्राद्धाला शिधा. आधी त्यांनी तिळाच्या तेलाचा केला, मग करंजाचा. गोड्या पाण्यात दोन्ही ठीक, पण मचूळ पाण्यात दह्यासारखे फुटायचे. मग खोबरेलाचा केला. साबण शिजला की त्यात मीठ घालतात, म्हणजे तो पाण्यापासून सुटून वर येतो. हा खोबरेलाचा काही केल्या सुटेना. मास्तरांनी घरातलं सगळं मीठ घातलं, मग आमच्या घरातलं घातलं. आमची आमटी अळणी झाली. मास्तर डोक्याला हात लावून बसले की फसलं. आणि एके सकाळी मला झोपेतून उठवून म्हणाले, "अहो व्याकरणवाले, मूर्ख मी. मिठाला जो भीत नाही तोच तर मला हवाय."

त्यांच्या मते याचं कारण शेंडी. तिळाच्या, करंजाच्या साबणाची शेंडी लांब असते, तिला पाण्याबाहेर पडायला नुसतं निमित्त हवं असतं. मीठ आलं की पळाली. खोबरेलाची शेंडी आखूड, म्हणून डोकं तिला पाण्यात ओढून ठेवू शकतं. मी मान डोलावली. मान डोलावणं हे त्यांच्या शेजारात राहण्याचं भाडं होतं.

खात्री करायला मला घेऊन ते वरळीला गेले, पायी. जो साबण समुद्रात फेसाळेल तो विहिरीत फेसाळेलच, असा त्यांचा हिशेब. कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर एक कोळीण मासळीचे हात धूत होती. मास्तरांनी तिला दोन वड्या दिल्या, एक तिळाची, एक खोबरेलाची, आणि कोणती कोणती ते सांगितलं नाही. तिने आमच्याकडे एकदा संशयाने पाहिलं, मग दोन्ही वापरल्या. "ही बरी हाय रं दादा," ती खोबरेलाची वडी कमरेला खोचत म्हणाली. "ती दुसरी नको. तिचा नुसता दही झायला." वडी तिने परत दिली नाही आणि मास्तरांनी मागितली नाही. परतताना ते इतके खूश होते की सबंध वाटेत शेंडी हा शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही.

आता राहिली आक्का. तिने वडी लांबूनच पाहिली आणि सांगितलं की शास्त्रीबुवा हो म्हणाले तर हात लावीन, एरवी नाही. तेव्हा वैशाखातल्या एका सकाळी मास्तरांनी शास्त्रीबुवांना घरी बोलावलं. चाळीतले चार वडीलधारे आले, मी होतोच. शास्त्रीबुवांनी वडी कशाची, सोडा कुठला, मीठ कुठलं, कढई कोणी घासली, सगळं विचारलं. मास्तरांनी सगळं नीट सांगितलं, फक्त डोक्या-शेंडीचं सांगायला लागले तेव्हा शास्त्रीबुवांचा हात नकळत स्वतःच्या शेंडीकडे गेला. शेवटी ते म्हणाले की यात अमंगल असं मला काही दिसत नाही. दाराआड आक्का उभी होती. तिच्या बांगड्या नव्हत्या वाजायला, पण ती तिथे आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

विहिरीचं पाणी घंगाळात तयार होतं. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, त्यात एक पंचा भिजवला आणि वडी घासली. फेस आला नाही. आणखी घासली. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि वर चिकट गोळे तरंगायला लागले. ते पंच्याला चिकटले, मास्तरांच्या हातांना चिकटले. मास्तर घासतच राहिले. कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. शास्त्रीबुवा तेवढे हसले नाहीत. ते उठताना म्हणाले, "सोवळ्याला माझी हरकत नाही मास्तर. पण हा धुतो कुठे?"

दुपारी मास्तरांनी स्वतः विहिरीतून पाणी ओढलं आणि तीच वडी घासली. भरभरून फेस आला. दुसऱ्या दिवशीही आला. फक्त त्या एका सकाळीच का नाही? इतकी वर्षं मला गोंधळात टाकणारा हा माणूस आता स्वतः गोंधळात पडला होता, आणि ते बघवत नव्हतं. वर्गात फळ्यावर डोकी आणि शेंड्या काढून तास संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत उभे राहायचे. शास्त्रीबुवांच्या नुसत्या जवळ असण्याने पाण्यावर काही होतं का, असंही त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, मास्तर, झोपा आता.

घरात ते एक शब्द बोलत नव्हते. आक्काही बोलेनाशी झाली. शास्त्रीबुवांसमोर फेस आला नाही म्हणजे देवालाच मान्य नाही, एवढं एकदा म्हणाली आणि पुन्हा पापडखाराकडे वळली. माझी बायको सांगायची की आक्का जेवत नाही, हातांना चिंध्या बांधून भांडी घासते. दोन माणसं एका घरात, आणि चुलीचा आवाज तेवढा यायचा.

श्राद्ध महिन्यावर आलं असेल. ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या न्हाव्याकडे मास्तर आणि मी गेलो होतो. हा न्हावी आम्हा शाळेतल्या लोकांसाठी साबणाची वाटी ठेवायचा. मास्तरांची एक बाजू करून झाली होती, दुसऱ्या गालावर फेस होता. तेवढ्यात त्यांच्या हनुवटीला वस्तरा लागला. न्हाव्याने तुरटीचा खडा ओला करून जखमेवर फिरवला आणि बोलण्याच्या नादात तो साबणाच्या वाटीतच ठेवून दिला. पुन्हा ब्रश बुडवायला गेला तर वाटीतला फेस बसलेला, आणि पाण्यावर पांढरे गोळे. न्हावी म्हणाला, च्यायला, फाटला.

मास्तर वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी पाणी फार निवळ होतं." मला काही कळलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "वैशाखात आपली विहीर गढूळ असते. त्या दिवशी घंगाळाचा तळ दिसत होता." आणि गळ्यातलं फडकं तसंच ठेवून, अर्धी दाढी झालेली, अर्धा चेहरा फेसाने पांढरा, असे ते रस्त्यावरून पळत सुटले. मी न्हाव्याची समजूत घालून मागे धावलो.

मी पोचलो तेव्हा ते स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. न्हाव्याने शिवलेलं माणूस आंघोळीशिवाय घरात येऊ शकत नाही, आणि आत आक्का सोवळ्यात. ती म्हणत होती, आधी आंघोळ कर, मग काय ते बोल. ते म्हणाले, "आंघोळीला वेळ नाही. आक्का, शास्त्रीबुवा आले त्या दिवशी पाण्यात तुरटी फिरवली होतीस का तू?"

आक्काने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "फिरवली होती. एवढी मोठी माणसं यायची, त्यांच्यापुढे गढूळ पाणी कसं ठेवू?"

मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. सगळ्या चाळीत या माणसाचं हसं झालं होतं, वडी फुकट गेली होती, महिने फुकट गेले होते, आणि कारण हे. पण मास्तर टाळी वाजवून हसायला लागले. आणि तिथेच उंबऱ्याबाहेर उभे राहून आक्काला समजावून सांगायला लागले. तुरटी काय करते, तर साबणाच्या तिघातिघांची डोकी एकदम मुठीत धरते. मग पाण्याला धरायला डोकं उरतच नाही, बाहेर राहतात नुसत्या शेंड्या, आणि शेंड्यांना पाणी नको, म्हणून ते गोळा होऊन वर येतात. म्हणजे साबण बरोबर होता, शेंडी बरोबर होती, सगळं बरोबर होतं. हवेत बोटं नाचवून त्यांनी डोकी दाखवली, शेंड्या दाखवल्या. गालावरचा फेस वाळून त्याची पापडी झाली होती, ती बोलताना गळून पडत होती. ज्या बाईच्या डोक्यावर जन्मभर केस राहू दिले नाहीत तिला हा माणूस शेंडीचं महत्त्व सांगतो आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. मला मात्र कुठे बघावं कळेना.

आक्का चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. ते थांबल्यावर ती बाहेर आली, त्यांना शिवणार नाही अशा बेताने बाजूने गेली, विहिरीवर जाऊन घागर भरून आणली, गढूळ होती तशीच, आणि घंगाळात ओतली. मग फळीवरची वडी घेऊन हातांवरच्या चिंध्या सोडल्या. आजूबाजूच्या खोल्यांतून बायका बघत होत्या. फेस आला. आक्काने कोपरापर्यंत हात त्यात बुडवले आणि तशीच बसून राहिली.

त्या वर्षीच्या श्राद्धाला आक्काने रांधलं. शास्त्रीबुवा पानावर बसले, तिने वाढायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो पाहिला, आणि भात कालवला. मास्तर मात्र पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत सुटले की डोक्या-शेंडीचं माझं म्हणणं या मुंबईत नीट समजलं ते फक्त आक्काला. शाळेतल्या मास्तरांना समजलं नाही, पण तिला एकदा सांगितलं आणि पटलं. हे माझ्याकडे बघून म्हणायचे. मला त्याचा थोडा रागही यायचा, कारण व्याकरणाचा का होईना, मी शिकलेला माणूस होतो.

मास्तर गेल्यावर एकदा मी आक्काकडे बसलो होतो. ती आता खूप थकली होती. माझ्या मनात ते इतकी वर्षं सलत होतं म्हणून मी विचारलंच, की आक्का, ते शेंडीचं प्रकरण मला अजूनही नीट उमजलेलं नाही. तुम्हाला ते एका दिवसात कसं काय पटलं?

"मला कुठे काय कळलं होतं?" आक्का म्हणाली. "माझ्या हातांपायी चारचौघांत त्याचं हसं झालं, म्हणून तो माझ्याशी बोलत नाही असं मी धरून चालले होते. आणि मग तो आला, तुरटी मीच फिरवली हे त्याला कळलं, तरी अर्धी दाढी घेऊन उंबऱ्यात उभा राहून सांगतोय, सांगतोय. शेंडी नि डोकं, माझ्या काही ध्यानात येईना. पण रागावलेला माणूस इतकं समजावून सांगत नाही, एवढं ध्यानात आलं. मग म्हटलं, घालावेत पाण्यात हात."